दाव्याच्या नावाखाली घेतलेली कोरी पावती : पोटकंत्राटदारांनो, सावध

मुख्य कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण सरकारी इमारतीच्या नूतनीकरणात पोटकंत्राट घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. थकलेली बिलं, 'वरून आले की देतो', हे तुम्हाला नवीन नाही. माझ्या बाबतीत झालं ते त्याच्या पुढचं आहे.

वायरिंग आणि फॉल्स सीलिंगचं 48,00,000 रुपयांचं काम, मुदत 8 महिने. खात्याने दोन मजले रिकामे करून द्यायचे होते. दप्तरखाना हलवायला जागा नाही, म्हणून ते मिळाले 7 महिने उशिरा. तोवर सुपरवायझरचे 28,000 आणि गोदामाचे 9,000 दर महिन्याला जातच होते. सुपरवायझरला सोडलं असतं तर काम सुरू होताना तो मिळाला नसता, हे धंद्यातल्या कुणालाही कळतं, खात्यातल्या साहेबांना सोडून. हे झाले 2,59,000. त्यावर ऑफिसखर्च, म्हणजे ओव्हरहेड. तो हडसन सूत्राने काढला: करारात धरलेला ओव्हरहेड-नफ्याचा टक्का, गुणिले महिन्याला होणारं काम, गुणिले उशिराचे महिने. माझे 10 टक्के, म्हणून महिना 60,000 आणि सात महिन्यांचे 4,20,000. विलंबाची भरपाई म्हणून माझी मागणी एकूण 6,79,000. हा आकडा हवेतला नाही. हडसन, एम्डेन, आयक्ले यांपैकी परिस्थितीला धरून कोणतंही सूत्र लवाद वापरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या मॅकडरमॉट निकालात म्हटलेलं आहे.

मुख्य कंत्राटदार म्हणाला, "भाऊ, तुमचा खात्याशी करारच नाही. दावा आमच्या नावाने जाईल, त्यात तुमची रक्कम घालतो." यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच विश्वास बसला. दावा लिहिणाऱ्या सल्लागाराच्या फीचा माझा वाटा म्हणून 45,000 घेतले. रोख. पावती नाही. (अशी फी मागितली तर सल्लागाराच्या खात्यावर थेट भरा. तो खातं क्रमांक देत नसेल, तर सल्लागारच नाही असं समजा.)

मग त्याच्या ऑफिसात माझ्यापुढे एक पावती आली. एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावलेला, 'विलंबाच्या भरपाईपोटी रोख मिळाले' असा मजकूर, आणि रकमेची जागा कोरी. मी विचारलं, पैसे कुठे मिळालेत? तर म्हणे, "शेठ, तुम्हाला दिल्याचा पुरावा असल्याशिवाय खातं आम्हाला देत नाही. आकडा सल्लागार भरेल, सूत्र बदललं की रक्कम बदलते." रेव्हेन्यू स्टँप पैसे हातात पडल्यावर लावतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तो स्टँप अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण त्याच टेबलावर माझं 3,12,400 चं शेवटचं बिल आणि 2,40,000 ची अनामत अडकली होती, आणि वायरवाला व्यापारी रोज फोन करत होता. सही केली नसती तर ते 5,52,400 पण गेले असते. माझ्या जागी बसून बघा, मग शहाणपण शिकवा.

खर्चाचा पुरावा म्हणजे तुमचं पगारपत्रक, भाड्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट. त्यासाठी 'मिळाले' असं लिहून देण्याची गरज नसते.

नंतर वर्षभर 'फाईल फिरतेय'. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नाकारला. अपिलात कागद मिळाले, तेव्हा घाम फुटला. माझ्या नावासमोर 6,79,000 नाही, 9,84,000. सोबत माझी पावती, तोच आकडा भरलेली. तडजोडीत खात्याने 60 टक्के मान्य केले होते, म्हणजे माझ्या नावावर 5,90,400 निघाले. माझ्या हातात शून्य.

खात्यात गेलो. साहेब म्हणाले, "आम्ही तुम्हाला ओळखत नाही." दावा मंजूर करताना माझी सही चालली, तक्रार घेताना मी अनोळखी! मजले तुम्ही अडवलेत, खर्च माझा झाला, पैसे तुम्ही दिलेत, आणि ज्याच्या नावाने दिलेत त्याला एक फोन करावासा वाटला नाही? पोलिसांनी पावती बघितली आणि 'हे दिवाणी आहे' म्हणून हात झटकले. पैसे न देता खोटी पावती वापरून सरकारकडून रक्कम उचलली, हे दिवाणी असेल तर फसवणूक कशाला म्हणायचं? लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या परिषदेत गेलो, तर हे 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' (माल आणि मजुरी एकत्र असलेलं कामाचं कंत्राट) आहे, आमच्याकडे बसत नाही. प्रत्येक टेबलाकडे नकाराचं कलम तयार आहे, मदतीचं एकाकडेही नाही.

सगळ्यात कडू गोष्ट सीएने सांगितली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 269एसटीनुसार मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे ती पावती खरी धरली, तर न मिळालेल्या 9,84,000 बद्दल 9,84,000 चा दंड मलाच! वकील मात्र यामुळेच थोडा खूश आहे. एवढी रोकड दिली तर ती कोणत्या बँकेतून काढली आणि कोणत्या वहीत लिहिली, हे मुख्य कंत्राटदाराला आता दाखवावं लागेल.

साइटवर हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही असते. त्यातल्या तुमच्या मजल्याच्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी काढा, नंतर ती वही कुणाला सापडत नाही. दाव्याची प्रत पाठवण्याआधीच मागा, ईमेलवर. वर्क ऑर्डरमध्ये 'बॅक टू बॅक' (म्हणजे मुख्य करारातल्याच अटी तुम्हालाही लागू) एवढंच लिहिलेलं असेल, तर विलंबाच्या भरपाईतला तुमचा वाटा किती आणि किती दिवसांत मिळणार, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. आणि वसुलीसाठी कोर्टात जायची तीन वर्षांची मुदत डोक्यात ठेवा, 'फाईल फिरतेय' ऐकण्यात ती संपते.

माझ्या नोटिशीला त्याचं उत्तर आलंय. एकच ओळ: रक्कम अदा केली आहे, पावती जोडली आहे.