टायटॅनियमचा एक्झॉस्ट आणि चाळीस किलोंची घट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी पहिल्या पिढीची टोयोटा ८६ आहे. २०१२ साली बाजारात आलेल्या या मॉडेलमध्ये १९९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचे) इंजिन आहे. सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, ताकद २०० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन सुमारे १२४० किलो. काही महिन्यांपूर्वी तिचा मूळ एक्झॉस्ट काढून टायटॅनियमचा बसवला आणि त्याच सुमारास बॅटरी, चाके, पुढच्या ब्रेक डिस्क आणि मागची सीट यांतून, एक्झॉस्ट धरून, मिळून सुमारे चाळीस किलो वजन कमी केले. ही गाडी मी रोज चालवतो आणि अधूनमधून ट्रॅकवरही नेतो, म्हणून येथे दोन्ही प्रकारच्या वापराचा अनुभव लिहीत आहे.

आधी एक्झॉस्टविषयी. या गाडीत पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) हेडरमध्येच, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांतच, असतो आणि दुसरा त्यापुढच्या पाइपात. मी त्या दोहोंना हात लावला नाही. बदलला तो फक्त त्यांच्या मागचा भाग, म्हणजे मधला पाइप, रेझोनेटर (आवाज मवाळ करणारा डबा) आणि मागचा सायलेन्सर. कन्व्हर्टर काढून टाकल्याने थोडी ताकद वाढते हे खरे, पण ती धुरातल्या विषारी वायूंच्या मोबदल्यात मिळते आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी तो सौदा मला मान्य नाही. पाइपाचा व्यास अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर ठेवला. तीन इंची पाइपही मिळत होता, पण त्याने आतले क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते आणि दोन लिटरच्या टर्बो नसलेल्या इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही.

इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमधला उलटा दाब, लागतेच, असे अनेकजण ठामपणे सांगतात. तसे नसते. बाहेर पडणाऱ्या वायूला अडथळा हवा, असे कोणतेही इंजिन मागत नाही. त्याला हवा असतो वायूचा वेग. एका सिलिंडरमधून सुटलेल्या वायूच्या झोतामागे कमी दाबाची लाट येते आणि ती पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घ्यायला मदत करते. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वेग मंदावतो, ही मदत कमी होते आणि कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) गाडी मरगळल्यासारखी वाटते. बॅकप्रेशर गेल्याने टॉर्क (फिरवण्याचा जोर) गेला, असे जे म्हटले जाते त्यामागचे खरे कारण बहुतेक वेळा हे असते.

ताकदीची अपेक्षा ठेवून कोणी हा खर्च करणार असेल, तर त्याने तो करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसलेली वाढ इतकी किरकोळ होती की हवेच्या तापमानातल्या फरकानेही तेवढे पुढेमागे होते. ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कच्या आलेखात जो खड्डा या गाडीत दिसतो, तोही जिथल्या तिथे आहे. तो भरायचा तर हेडर बदलून ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, मॅपिंग नव्याने करावे लागते. कन्व्हर्टरच्या मागचे सामान बदलून तिथे फरक पडण्याचे कारण नाही.

मग या बदलाने नेमके काय मिळाले? मूळ सामानापेक्षा नवे सामान सुमारे नऊ किलोंनी हलके आहे. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम आहे, तर स्टेनलेस स्टीलची जवळजवळ ८ ग्रॅम. शिवाय पत्राही पातळ, जेमतेम एक मिलिमीटरचा आहे. नऊ किलो हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण ते वजन कुठे होते हे पाहिले पाहिजे. या गाडीच्या दोन आसांमधले अंतर २५७० मिलिमीटर आहे आणि सायलेन्सर मागच्या आसाच्याही सुमारे ७० सेंटिमीटर मागे लटकतो. तरफेचा हिशेब मांडला, तर तिथले नऊ किलो काढल्यावर मागच्या आसावरचा भार साडेअकरा किलोंच्या आसपास कमी होतो आणि पुढच्या आसावरचा अडीच किलोंनी वाढतो. वळताना तर हा फरक अधिकच ठळक होतो, कारण गाडी स्वतःभोवती फिरायला जो विरोध करते तो वजनाच्या, पण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सायलेन्सर गुरुत्वमध्यापासून साधारण दोन मीटरवर आहे आणि मागची सीट पाऊण-एक मीटरच्या आत. त्यामुळे दहा किलोंची सीट काढून जेवढा फायदा होतो, त्याच्या सुमारे सहापट फायदा सायलेन्सरकडच्या नऊ किलोंच्या घटीतून होतो. वजन कमी करण्याची चर्चा बहुधा एकूण बेरजेवर थांबते. माझ्या मते ती प्रत्येक वस्तू कुठे बसली आहे इथून सुरू व्हायला हवी.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने अडचणीचाही ठरतो. ही गाडी मुळात ५३ टक्के भार पुढे आणि ४७ टक्के मागे अशी आहे, त्यामुळे मागून काढलेला प्रत्येक किलो तिला आणखी पुढे झुकवतो. म्हणून बॅटरी बदलणे मला एक्झॉस्टइतकेच महत्त्वाचे वाटले, कारण ती बोनेटखाली आहे. शिसे-आम्लाची मूळ बॅटरी पंधरा किलोंच्या आसपास होती. लिथियम आयर्न फॉस्फेटची नवी बॅटरी पाच किलोंची आहे. दहा किलो गेले आणि तेही पुढून गेले. थंडीत मात्र तिचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. गारठलेल्या सकाळी पहिला स्टार्टर सुस्त असतो, पण एखादा मिनिट हेडलाइट लावून ठेवले की बॅटरी आतून थोडी गरम होते आणि पुढचा प्रयत्न नेहमीसारखा होतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये, हेही लक्षात ठेवावे लागते.

चाकांत प्रत्येकी सुमारे दोन किलो वाचले आणि संपूर्ण कामातला सर्वांत समाधान देणारा भाग हाच. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला अधिक नेटाने धरून राहतो. शिवाय चाक पुढेही जाते आणि फिरतेही, म्हणून त्याच्या कडेला असलेला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो. अॅल्युमिनियमच्या मध्यभागाच्या दोन-तुकडी ब्रेक डिस्कमुळे पुढची दोन्ही चाके मिळून आणखी तीन किलो गेले. मागची सीट काढणे हे अर्ध्या तासाचे काम होते. त्यावर विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

काही गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या. पुढच्या सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग आहेत. हलकी बकेट सीट बसवली की त्या जातात, आणि रोजच्या रस्त्यावर त्यांची जागा घेईल असे दुसरे काही नाही. पत्र्यावर चिकटवलेल्या डांबरी आवाजरोधक थराबद्दलही तेच. ड्राय आइसने तो गोठवून, हातोडीने फोडून काढायची पद्धत सर्वांना माहीत आहे, पण एक्झॉस्ट मोकळा केल्यानंतर तो थरही काढला तर लांबच्या प्रवासात दोन तासांत डोके दुखू लागेल. स्टेपनीचा प्रश्न अधिक रंजक होता. जॅकसह तिचे वजन पंधरा किलो भरते, म्हणून ती काढण्याचा मोह होतो. चारही चाकांखाली काटे ठेवून मोजले, तेव्हा स्टेपनीसह गाडी साधारण १२०० किलो भरली आणि पुढचा भार ५३.४ टक्के होता; स्टेपनी काढताच तो ५४.३ टक्क्यांवर गेला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भार म्हणजे पकड. ओल्या रस्त्यावर ती पकड मला पंधरा किलोंपेक्षा अधिक मोलाची वाटते, त्यामुळे स्टेपनी परत गेली. वजन तात्पुरते कमी करायचेच असेल तर इंधन हा फुकटचा मार्ग आहे. टाकी पन्नास लिटरची आहे आणि पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे ट्रॅकवर अर्ध्या टाकीने गेले की अठरा-एकोणीस किलो आपोआप कमी.

चाळीस किलो म्हणजे एकूण वजनाच्या जेमतेम सव्वातीन टक्के. वेग घेण्याच्या दृष्टीने ते सहा-सात अश्वशक्ती वाढवल्यासारखे आहे. जाणवते, पण पहिल्याच दिवशी थक्क व्हावे इतके नाही. फरक खरा कळतो तो ब्रेक लावताना आणि एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरताना. पूर्वी स्टिअरिंग फिरवल्यावर मागचा भाग किंचित उशिरा येत असे आणि आला की थोडा जास्तच येत असे. आता तो पुढच्या भागाबरोबर वळतो आणि वळणाच्या शेवटी लवकर स्थिरावतो. मागचा भार कमी झाल्याने गाडी मागून दोन-तीन मिलिमीटर वर उचलली गेली होती, त्यामुळे व्हील अलाइनमेंट नव्याने करून घ्यावे लागले. हे काम टाळू नये. कॅम्बर आणि टो (चाकांच्या तिरकेपणाची मापे) मूळ आकड्यांवर आल्यानंतरच गाडी सरळ रस्त्यावर पूर्वीसारखी शांत धावू लागली.

आवाजावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण एक्झॉस्ट बदलल्यावर रोज ज्याच्याबरोबर जगावे लागते ती गोष्ट आवाजच आहे. ५००० आरपीएमच्या पुढे हा आवाज अप्रतिम आहे: स्वच्छ, धातूची धार असलेला, पण कर्कश नाही. थंड इंजिन सुरू होते तेव्हा मात्र तो मोठा असतो, कारण कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू त्या वेळी आरपीएम चढे ठेवतो. पहाटे निघणाऱ्याने शेजाऱ्यांचा विचार आधी करावा. खरी अडचण होती ती २८०० ते ३२०० आरपीएमच्या दरम्यान, म्हणजे नेमक्या महामार्गावरच्या वेगात. तिथे गाडीच्या आत एक जड घुमारा भरून राहत असे. बोलणे ऐकू येई, पण कानांवर दाब बसल्यासारखे वाटे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणून ३००० आरपीएमला दर सेकंदाला शंभर स्फोट होतात, आणि हाच शंभर हर्ट्झचा सूर बंद केबिनमध्ये घुमत होता.

यावर उपाय म्हणून मुख्य पाइपाला एक आडवी, शेवटी बंद असलेली नळी जोडून घेतली. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पावपट ठेवतात. लाट नळीत जाते, बंद टोकावर आपटून परत येते आणि मुख्य पाइपात पोहोचते तेव्हा मूळ लाटेच्या बरोबर उलट असते, त्यामुळे दोघी एकमेकींना मारतात. गरम वायूत ध्वनीचा वेग जास्त असतो, पण बंद नळीत वायू वाहत नसल्याने तो तुलनेने थंड राहतो; तिथले तापमान शंभर अंश धरले तर वेग सेकंदाला सुमारे ३९० मीटर आणि नळीची लांबी जवळजवळ एक मीटर येते. पाऊण किलो वजन परत चढले, पण तो घुमारा गेला आणि वरच्या आरपीएमचा आवाज तसाच राहिला. सायलेन्सर आणखी मोठा बसवून जे साधले नसते ते या एका नळीने साधले. ज्यांच्या गाडीत असा घुमारा आहे त्यांनी संपूर्ण सामान बदलण्याआधी हा उपाय करून पाहावा.

टायटॅनियम बसवताना एक बाब समजून घेणे आवश्यक आहे. तापल्यावर ते स्टेनलेस स्टीलच्या साधारण निम्म्यानेच वाढते. दोन मीटर लांबीचा स्टीलचा पाइप चारशे अंशांनी तापला तर तेरा-चौदा मिलिमीटर वाढतो, टायटॅनियमचा जेमतेम सात. पुढचा पाइप स्टीलचा आणि मागचा टायटॅनियमचा असताना मधला सांधा घट्ट आवळून टाकला, तर हा फरक कुठेतरी ताण म्हणून साचतो. माझ्या गाडीत सांधे एकमेकांत सरकणारे असून स्प्रिंगने धरलेले आहेत, आणि त्यांनी आजवर काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो एका हँगरने. मागच्या सायलेन्सरला धरणाऱ्या दांड्याच्या वेल्डला काही महिन्यांतच केसासारखी चीर गेली आणि सायलेन्सर बंपरला घासून खडखडू लागला. जवळून पाहिले तर वेल्डचा रंग फिकट निळा-राखाडी होता. टायटॅनियमचा वेल्ड चंदेरी किंवा गवतासारखा पिवळसर दिसला तर चांगला. निळा-राखाडी किंवा पांढुरका दिसला, तर गरम असताना त्यात हवेतला ऑक्सिजन शिरून तो ठिसूळ झालेला असतो. एवढ्या महाग सामानात अशी हयगय व्हायला नको होती. पाइपाच्या आतून आणि बाहेरून आर्गॉन सोडून वेल्ड करणाऱ्या कारागिराकडून ते काम पुन्हा करून घेतले आणि त्यानंतर सांधा पक्का आहे. सामान घरी येताच, गाडीवर चढवण्याआधी, प्रत्येक हँगरच्या वेल्डचा रंग उजेडात पाहून घ्यावा.

टोकांवर उमटणाऱ्या पिवळ्या, जांभळ्या आणि निळ्या छटा ही वेगळी गोष्ट आहे. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर जसा जाड होतो तसे रंग बदलतात आणि त्याने धातूचे काही बिघडत नाही. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही प्रवासांनी नटबोल्ट पुन्हा तपासून आवळावेत आणि गॅस्केट दर वेळी नवीच घालावी. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक असा बारीक आवाज येत असेल, तर कुठूनतरी गळती आहे असे समजावे.

शेवटचा मुद्दा सायलेन्सरच्या आतल्या लोकरीचा. हा सायलेन्सर छिद्रांच्या नळीभोवती काचतंतू भरलेल्या जातीचा आहे आणि ते तंतू गरम झोताने हळूहळू जळून, उडून जातात. काही महिन्यांत आवाज किंचित वाढला आहे हे मला आताच जाणवते. माझ्या सायलेन्सरचे मागचे झाकण रिव्हेटने बसवलेले आहे, म्हणून ते उघडून नवी लोकर भरता येईल; हेच झाकण वेल्ड केलेले असते, तर तो कापावा लागला असता. निवड करताना पाइपाच्या व्यासाइतकेच लक्ष या झाकणाकडेही द्यावे.