क्विनोआच्या ‘स्पेशल खता’पायी 35,100 रुपये गेले

माणदेशातल्या मुरमाड रानात शाळू करून पदरात काय पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग "क्विनोआ (राजगिऱ्यासारखं बारीक धान्य) लावा, माल आम्हीच उचलू, हा घ्या बाँडपेपर" म्हणणाऱ्याला घरात घेतलं, तर माझं काय चुकलं? दोन एकरांचा हिशोब असा: नोंदणी 5,000, चार किलो बियाणं 3,600, काळ्या दाणेदार खताच्या सहा गोण्या 12,900, फवारणीचे चार कॅन 13,600.

गोणीवर पिकाचा झकास फोटो. नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के, कुठंच नाही. परवाना क्रमांक नाही. आणि पावतीवर खताचं नावच नाही, ‘शेतकरी मार्गदर्शन किट’! मी वाचलं होतं हो. विचारलंही. म्हणाला, "जीएसटी वाचतो, तुमचाच फायदा." तिथंच हाकलायला हवा होता त्याला. पण पेरणीचा ट्रॅक्टर बांधावर उभा, ओल उडून चाललेली. तुम्ही काय केलं असतं?

क्विनोआला नत्र लागतं, हे खरंच. पण कोरडवाहूत ते पेरताना ओलीत द्यायचं, उरलेलं पाणी मिळालं तरच. जादा झालं की पीक लोळतं. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. याची एक गोणी 2,150ला!

पीक गुडघ्याएवढं होऊन पिवळं पडलं. लांबून चंदनबटवाच वाटायचा. त्या खताचे उरलेले दाणे ग्लासभर पाण्यात टाकले, तर काळा रंग सुटला आणि तळाला चिकणमाती बसली. त्यानं बोली केली होती 24 क्विंटलची, निघालं 3 क्विंटल 40 किलो. त्याचा फोन बंद. आणि क्विनोआच्या दाण्याची कडू साल काढल्याशिवाय दुसरे व्यापारी हात लावत नाहीत.

कृषी कार्यालयात म्हणे, "हे खत म्हणून नोंदलेलंच नाही, आमच्याकडं येत नाही." अहो, नोंदणी नसताना खत म्हणून विकलं, हाच तर 1985च्या खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा ना? मग म्हणे नमुना सीलबंद गोणीतूनच घेता येतो. शेतकऱ्यानं खत काय देव्हाऱ्यात ठेवायचं? (तरी एक गोणी फोडू नका, ठेवाच.) पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. वर "शिकलेले दिसता तुम्ही" हा टोमणा.

पैसे कुणाच्या खासगी खात्यावर टाकू नका. खताच्या नावाची पक्की पावती नसेल तर गोणी गाडीतून उतरवूच नका. आणि तक्रारीच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. माझा पहिला अर्ज "आलाच नाही" म्हणतात.