मकरपुऱ्यातलं रेझिनचं दुकान (पेट्रोलची टाकी बनवणाऱ्यांनी वाचा)

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फायबरवाले पुष्कळ आहेत पण बहुतेक ठिकाणी रेझिन (ग्लासच्या कापडाला लावायचं, नंतर घट्ट होणारं द्रव) मागितलं की डोळे झाकून जीपी (सर्वसाधारण वापराचं) पॉलिएस्टर ओतून देतात, बाथटबला चालतं तेच. इथले काका आधी विचारतात, "शेना माटे जोईए छे?" मी म्हटलं पेट्रोलची टाकी, मित्र आणि मी दोन सीटचं विमान बांधतोय, तर हसले वगैरे नाहीत, सरळ म्हणाले मग व्हिनाइल एस्टर रेझिनच घ्या, हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, साधं रेझिन त्यात मऊ पडतं. महाग आहे बऱ्यापैकी, पण घ्याच.

दुकानदार म्हणतो म्हणून नाही, मी दोन्हीचे तुकडे बनवून बरणीत त्याच पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले. काही आठवड्यांनी जीपीवाल्यावर नखाने चरा पडायला लागला, तो चिकटही झाला होता, व्हिनाइल एस्टर टणकच्या टणक.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारा) आणि कोबाल्ट (ते काम लवकर घडवणारा) वेगवेगळ्या पिशव्यांत देतात आणि दरवेळी बजावतात की हे दोन थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच हार्डनर. मे महिन्यात काम काढलंत तर हार्डनर एक टक्क्याच्या आसपासच ठेवा, बडोद्याच्या उन्हात दोन टक्के टाकलात तर ब्रश बुडवेपर्यंत मगमध्येच जेली आणि वरून धूर.

आता तक्रार. हार्डनर सुट्या बाटलीत देतात, त्यावर ना बॅच नंबर ना तारीख. विमानात लागणाऱ्या वस्तूला हे चालत नाही हो. सीलबंद कॅन मागा, आत असतो. दुसरं म्हणजे टाकीच्या भिंतीत कोर म्हणून भरायला फोम मागितला तर पोऱ्याने थर्माकोलच्या शीट पुढे केल्या, थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो! एखादा पिनहोल (टाचणीएवढं भोक) राहिला की आतला कोर साफ. पीव्हीसी फोम यांच्याकडे नाहीच, मला बाहेरून मागवावा लागला. ग्लासचं कापड मात्र छान, कोरडं, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं.

टाकी झालीये, आत बॅफल (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे) टाकलेत, फिलर कॅपच्या रिंगला अर्थिंगची तार काढलीये कारण फायबरमधून स्टॅटिक जात नाही. टेस्टला नळीत 70 सेमी पाणी चढेल इतकाच दाब दिला, म्हणजे एक पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड), आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवलं, कुठेही बुडबुडा नाही.

पाचपैकी चार, एक त्या बाटलीचा कापला. दुपारी जेवायला बंद ठेवतात, फोन करून जा.