सुरमई थाळीपलीकडे: ठाणे ते नेरूळ, सात महिन्यांची मासळी

मे ते नोव्हेंबर, आठवड्याला दोन जेवणं, ठाणे स्टेशनपासून नेरूळपर्यंतच्या मासळीच्या खानावळी. एवढ्या खाण्यानंतर ठाम झालेलं मत असं की पाटीवर सगळीकडे ‘मासळी थाळी’च लिहिलेलं असलं, तरी आत निदान तीन वेगळी स्वयंपाकघरं आहेत: मालवणी, आगरी आणि केरळी. तिन्हीकडे सुरमईच मागवली तर कुठल्याच घराची चव कळत नाही. सुरमईला काटे कमी, चव सौम्य, तव्यावर कुठेही बरी लागते. दर मात्र बांगड्याच्या थाळीच्या जवळजवळ दुप्पट.

मालवणी खानावळीची परीक्षा बांगड्याच्या आमटीत होते. ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसूल आणि बी काढून ठेचलेली तिरफळं (कोकणातलं मसाल्याचं फळ). तिरफळ वाटणात बारीक वाटलं की कडवटपणा उतरतो, म्हणून ते वरून सोडायचं असतं. जिभेवर हलकी झिणझिण आली की समजावं, आत माहीतगार हात आहे. पण तळलेल्या बांगड्यात तिरफळ नसतं. तिथे जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरली तर ताट बाजूला सारावं. बांगडा बर्फाबाहेर राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं हे त्याचंच लक्षण.

सोलकढी दुपारीच प्यावी. नारळाचं दूध उकाड्यात काही तासांत आंबतं, रात्री दहाची वाटी म्हणून जोखमीची. आगळाने, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाने, कढीला येणारा रंग फिका, जांभळट गुलाबी असतो; सरबतासारखा भडक गुलाबी दिसला तर त्यात रंग किंवा बीट असू शकतं. ठेवलेल्या कढीत पाणी खाली आणि साय वर होणं मात्र चांगलंच, ढवळली की झालं.

आता आगरी. या पट्ट्यातलं सगळ्यांत कमी लेखलं गेलेलं जेवण हेच, आणि ते इथल्याच मातीतलं आहे. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही नवी मुंबईचे सेक्टर पडायच्या आधीपासूनची गावं. ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-नेरूळ मार्गाच्या लोकल) गाडीने उतरून नोडच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, चकचकीत बाजूला न जाता गावठाणाकडे वळावं. आगरी कालवण पातळ असतं. खोबरं नाही किंवा नावाला. तेलात ठेचलेली लसूण, घरचा कुटलेला मसाला, आंबटपणा चिंचेचा, उन्हाळ्यात कैरीचा. मालवणी रशाच्या अपेक्षेने गेलेला माणूस त्याला पाणचट म्हणतो, पण तांदळाची भाकरी त्यात भिजावी म्हणूनच ते तसं असतं. भाकरी एकेक करून मागवा. ताटात दहा मिनिटं पडली की वातड होते. मागवायचं काय, तर ओल्या बोंबलाचं कालवण, खाडीची कोळंबी, कांद्यात परतलेला जवळा. चिंबोऱ्या हव्या असतील तर सकाळीच फोन करून सांगावं. अवसेच्या सुमारास त्या भरलेल्या मिळतात, असं कोळणी सांगतात.

तळलेले बोंबील सगळ्याच खानावळी देतात, जमतात थोड्यांनाच. बोंबलात पाणी फार. चिरून, काटा काढून, वजनाखाली तास-दोन तास दाबल्याशिवाय ते कुरकुरीत होत नाहीत. घाईत मीठ लावून हाताने पिळले तर मांस फाटतं आणि मग ते झाकायला रव्याचा जाड थर येतो. शेपटीकडून उचलून पाहा: सरळ राहिला तर दाबलेला, मधूनच वाकला तर पाणी आत आहे. रविवारी दीडच्या गर्दीत अर्धे आधीच तळून ठेवलेले असतात. साडेबाराला पोचलेलं बरं.

केरळी जेवणासाठी नेरूळ आणि वाशी. तिथल्या माशाच्या कढीत कुडमपुळी असते, आपल्या कोकमाचीच बहीण, पण धुरावर वाळवलेली, त्यामुळे आंबटपणाला धुराचा वास. सोबत लालसर, जाड मट्टा भात. तारली तिथे मत्ती या नावाने मिळते. स्वस्त, आणि खोबरेल तेलात तळलेली अप्रतिम. खोबरेलाचा वास ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

वार पाळल्याशिवाय यात यश नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार माल खपतो, म्हणून ताजा येतो. सोमवारी गिऱ्हाईक कमी, तेव्हा ताटात रविवारचा उरलेला मासा येण्याची शक्यता जास्त. १ जूनपासून किमान ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात सुरमई-पापलेट बहुतेक बर्फातलं: मांस कोरडं, धाग्याधाग्याने सुटणारं. तेव्हा खाडीची मासळी किंवा सुकं मागवावं. सुक्या बोंबलाचं बटाटा घालून केलेलं कालवण पावसात ताज्या माशाला मागे टाकतं. श्रावणात काही खानावळी बंदच असतात, निघण्याआधी फोन करा.

बिलात दोन गोष्टी बघाव्यात. साध्या खानावळीत जीएसटी ५ टक्के. मालक छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर तो ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असतं. तरीही कर लावला तर तिथेच काढून टाकायला सांगा.

पार्सलमध्ये कालवण आणि भाकरी चालतात. तळलेला मासा बंद डब्यात स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो, म्हणून तो कागदात गुंडाळून, झाकण अर्धं उघडं ठेवून द्यायला सांगावं. बोंबील पार्सल मागवूच नयेत.