घोडा नवा, मशीन जुनं: जर्मन भिंतघड्याळासोबतचे दहा महिने

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरायच्या आत, १६,५०० रुपये मोजून मी एक बंद घड्याळ घरी आणलं. ते बंद होतं हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला बायको ते सांगतेच. आता दिवाळी उलटली. जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलच्या भिंतीवर ते दहा महिने आहे, त्यातले जेमतेम आठ महिने चालू आहे.

घेतलं ते घोड्यासाठी. कबूल करायला लाज वाटते, पण तसंच झालं. जुन्या सामानाच्या एका गोदामात, तांब्याची घंगाळं आणि पाय मोडलेल्या आरामखुर्च्यांच्या मागे ते भिंतीला टेकवून ठेवलेलं. उंची तीन फुटांच्या आसपास, काचेचं लांबट दार, दोन्ही बाजूंना कोरलेले अर्धे खांब, खाली लोंबणारे लाकडी लट्टू, आणि सगळ्यात वर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. व्यापाऱ्याने फडकं घेऊन आधी घोडाच पुसला. "बघा की ओ मालक, कसा उधळूलालाय!" किंमत २८,००० आणि घड्याळ थेट अक्कलकोट संस्थानातलं. सोलापुरात विकायला निघालेलं प्रत्येक घड्याळ एक तर अक्कलकोट संस्थानातून येतं, नाहीतर कुठल्या तरी मिलमालकाच्या बंगल्यातून. तेवढी घड्याळं खरंच असती तर संस्थानात माणसांना उभं राहायला जागा उरली नसती. तीन चकरा मारल्या, दोनदा रागावून उठून जायचं नाटक केलं आणि सौदा १६,५०० ला पटला.

अगदीच डोळे मिटून घेतलं असं नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहराच्या जुन्या बाजारात ७,००० रुपयांना 'अॅन्सोनिया' घेऊन हात पोळून घेतले होते. अॅन्सोनिया ही अमेरिकेतली नावाजलेली कंपनी. सुरुवात कनेक्टिकटमध्ये झाली, पुढे कारखाना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेला, आणि १९२९ मध्ये धंदा बसल्यावर यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे खरं अॅन्सोनिया किमान ९० वर्षं जुनं हवं. माझ्या घड्याळाची डायल मात्र लग्नपत्रिकेसारखी पांढरीशुभ्र होती. घरी येऊन भिंग लावलं तर 'न्यूयॉर्क'च्या अक्षरांत प्रिंटरचे ठिपके दिसले. आतलं मशीन भलत्याच कारखान्याचं होतं. डायलच्या भोकातून चावी तिरकी जायची, तेव्हाच ओळखायला हवं होतं. मशीन आणि डायल एकमेकांची असतील तर चावीचा दांडा भोकाच्या बरोबर मध्यावर येतो. एवढी एक गोष्ट दुकानात उभ्याउभ्या बघितली तरी निम्मी फसवणूक टळते.

म्हणून यावेळी लंबक काढला, टॉर्च घेऊन मशीनच्या मागची पितळी पाटी बघितली. आठ टोकांचा तारा, त्यात 'जे' अक्षर. युंगहान्स. बाजारात याला कुणी जंगहन्स म्हणतं, कुणी जुंगन. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबेर्ग गावची ही कंपनी १८६१ पासूनची. ताऱ्याच्या जवळ 'बी १२' असा बारीक शिक्का होता. युंगहान्सवाले वर्षाचे दोन भाग करत. पहिल्या सहामाहीला ए, दुसऱ्या सहामाहीला बी, पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. म्हणजे हे मशीन १९१२ च्या जुलै ते डिसेंबरमधलं. डायल इनॅमलची, सातच्या आकड्याजवळ केसासारखी चीर. चारच्या जागी रोमन IV न लिहिता चार उभ्या रेघा, त्याही बरोबर. अशा डायलवर बहुतेक वेळा तसंच असतं, ती चूक नव्हे. हे सगळं बघितलं आणि खूश झालो. घोडा मात्र बघितला नाही. घोडा तर दिसतच होता.

विजापूर वेशीकडचे एक म्हातारे घड्याळजी आहेत, चाचा. नाव देत नाही, त्यांना गर्दी आवडत नाही. त्यांनी पेटीतून मशीन बाहेर काढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि चिमट्याने त्यातून राखाडी रंगाचा एक गोळा ओढून काढला. मग दुसरा. सुताचा तूस होता तो. हे घड्याळ कितीतरी वर्षं यंत्रमाग चालणाऱ्या घरात, नाहीतर मागाला लागून असलेल्या खोलीत लटकलेलं असणार. जुन्या तेलात तूस बसून त्याचा बिब्ब्यासारखा काळा लगदा झाला होता. अक्कलकोट संस्थान तिथेच संपलं. घड्याळ आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातलंच, यंत्रमागांच्या वस्तीतलंच निघालं, आणि मला ते जास्त आवडलं.

मग चाचांनी पेटी उलटी केली, घोड्याच्या पोटाखाली बोट लावलं आणि हसले. प्लस स्क्रू! चौफुलीच्या खाचेचे हे स्क्रू बाजारात आले १९३० च्या दशकात. १९१२ च्या पेटीवर तो कसा? त्यांनी स्क्रू काढला. खाली लाकडावर मूळ मुकुटाच्या, म्हणजे पेटीच्या माथ्यावरच्या नक्षीच्या, दोन गोल खुंट्यांची भोकं होती, त्यांच्याभोवती फिकट रंगाची एक छाया, वेगळ्याच आकाराची, रुंद आणि बुटकी. घोड्याचं लाकूड नखाने खरवडलं तर आतून कोरं पांढरट.

"घोडा नवा हाय मालक, मशीन जुनं हाय. उलटं असतं तर रडायचं."

या पद्धतीच्या जर्मन पेट्यांवर घोडा किंवा गरुड खरोखरच असायचा, म्हणून नकली घोड्यांचाही धंदा चालतो. माझ्या पेटीवर तो कधीच नव्हता.

दुरुस्तीला पाच आठवडे आणि ४,२०० रुपये लागले. पूर्ण सफाई, झिजलेल्या तीन भोकांत नवे पितळी बुश, आणि लंबक जिच्यावर लटकतो ती पोलादी पट्टी बदलली. पट्टी पानासारखी पातळ असते. घड्याळ हलवताना लंबक काढून ठेवला नाही तर पहिली तीच मुडपते, माझीही रिक्षातून आणताना मुडपलीच होती. त्याआधी कुणीतरी खोबरेल घातलं होतं म्हणे. चाचांनी ते नुसत्या वासावरून सांगितलं. घरचं कुठलंच तेल घालू नका, शिलाई मशीनचंसुद्धा नको.

आता वापराचं. भिंतीवर टांगणं हेच खरं कौशल्य आहे हे मला माहीत नव्हतं. मी मोबाईलवर लेव्हल बघून अगदी सरळ टांगलं आणि ते दहा मिनिटांत थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. चाचा घरी आले, डोळे मिटून ऐकलं, म्हणाले, चाल लंगडी हाय. टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर सारखं नव्हतं. त्यांनी लंबकाला ढकलणारी आतली काडी केसभर वाकवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा वाकवली. मी हौसेने फोनवर रेकॉर्डिंग करून आवाजाच्या रेघा बघितल्या तर सगळ्या समान अंतरावर. पंचाहत्तरीच्या कानांनी ॲपइतकंच अचूक मोजलं होतं. मग पेटीच्या खालच्या बाजूचे दोन टोकदार स्क्रू भिंतीत रुतवले. ते न रुतवल्यास दार उघडताना पेटी सरकते आणि चाल परत लंगडी होते.

चावी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. दोन भोकं आहेत, उजवं चालीचं, डावं टोलाचं. चावी दिल्यावर सोमवार-मंगळवार ते जरा पुढे पळतं, शुक्रवार-शनिवारी आतली कमान (स्प्रिंग) सैलावली की मागे रेंगाळतं. आठवड्याची बेरीज जुळली की झालं. लंबकाखालची चकती वर चढवली की जलद, खाली उतरवली की सावकाश. माझ्याकडे चकतीचा एक पूर्ण फेरा म्हणजे दिवसाला मिनिट-दीड मिनिट, तेव्हा पाव फेऱ्यानेच हलवायचं. मार्च अखेरपर्यंत आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या आत आणलं आणि ऑफिसात चार लोकांना ऐकवलंही.

मग सोलापूरचा उन्हाळा आला. एप्रिल संपता संपता घड्याळ आठवड्याला पाऊण-एक मिनिट मागे पडायला लागलं. माझ्या लंबकाला पितळेच्या आणि पोलादी रंगाच्या मिळून नऊ उभ्या दांड्या आहेत, आणि मी लोकांना मोठ्या रुबाबात सांगायचो की ही इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनची १७२६ ची युक्ती. दोन धातू गरमीने कमी-जास्त वाढतात, एकाची वाढ दुसरा खाऊन टाकतो, लंबकाची लांबी तीच राहते. चाचांना विचारलं तर त्यांनी लंबक उतरवून हातात दिला. बाजूच्या दांड्या नुसत्या वरखाली पट्ट्यांना जोडलेल्या, भार सगळा मधल्या एकाच पोलादी दांडीवर. बाकी आठ शोभेच्या! ही लबाडी सोलापूरची नाही, पुण्या-मुंबईचीही नाही, ती १९१२ सालीच जर्मनीतून पॅक होऊन आलेली. एकट्या पोलादी दांडीचं घड्याळ दर १० अंश वाढीला दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. हिवाळ्यात आमचा हॉल २४ अंशांवर असतो, मे महिन्यात ३७-३८. करा हिशोब. बरोब्बर जुळतो. चकती किंचित वर चढवली, पावसाळ्यात परत उतरवली. तेव्हापासून घोड्यावरचा माझा राग थोडा निवळला.

टोलाबद्दल घरात दोन पक्ष आहेत. तासाला तासाइतके आणि दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसाला १८० टोल. हा आकडा बायकोने काढला. तिची खरी तक्रार रात्रीची आहे. "अहो, जाग आली की एकच टोल ऐकू येतो. साडेबारा झाले, एक झाला की दीड, कळायचं कसं?" तिन्ही वेळा एकच पडतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आई मात्र खूश. तिचं आयुष्य लक्ष्मी-विष्णू मिलच्या भोंग्यावर गेलं. डबा भरायचा भोंग्यावर, पाणी भरायचं भोंग्यावर. ती आता साडेअकराच्या टोलाला भाकरीचं पीठ घेते, समोर मोबाईल असला तरी.

सुरुवातीला टोलाचा आवाज पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा होता. आत गुंडाळलेली पोलादी तार असते, तिच्यावर हातोडी पडते. हातोडीच्या टोकाचं चामडं शंभर वर्षांत वाळून हाडासारखं झालं होतं. चौकातल्या चांभाराकडून मऊ चामड्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा आणला, त्याने पैसे घेतले नाहीत. चाचांनी तो बसवला आणि पहिल्याच तासाला आवाज असा खोल, घुमत आला की आई देवघरातून बाहेर आली. अख्ख्या खर्चात मला सगळ्यात जास्त समाधान या फुकटच्या तुकड्याने दिलं.

टोलाची एक खोड मात्र सांभाळावी लागते. या मशीनमध्ये टोल मोजणारं चाक वेगळं आहे, काटे कुठे आहेत ते त्याला कळत नाही. जूनमध्ये आम्ही पंधरा दिवस गावी गेलो, घड्याळ बंद पडलं. आल्यावर मी घाईने काटे गरागरा पुढे फिरवले आणि तीनला सात टोल पडायला लागले. दोन दिवस घरात गोंधळ. उपाय सोपा निघाला. मशीनच्या खालून बोट घालून टोलाची लिव्हर अलगद उचलायची, प्रत्येक उचलीला पुढचा टोल पडतो, काट्यांशी जुळेपर्यंत उचलत राहायचं. काटे पुढे नेताना दर अर्ध्या तासाला थांबून टोल पूर्ण वाजू द्यायचा. काटे उलटे फिरवण्याच्या भानगडीत पडू नका.

पेटीबद्दल थोडक्यात. वरचा अक्रोडाचा पातळ पापुद्रा आमच्या कोरड्या हवेत दोन ठिकाणी उचलला होता, सुताराने १,५०० घेऊन बसवला. कूलरच्या झोतात टांगू नका.

एकूण २२,२०० झाले. एवढ्या पैशांत भारी नवं क्वार्ट्झ घड्याळ येतं, ते महिन्याला काही सेकंदच चुकतं, आणि वेळ बघायला मीही मोबाईलच बघतो. घरात तान्हं मूल असेल, झोप सावध असेल, किंवा गावात चाचांसारखं कुणी उरलं नसेल तर या वाटेला जाऊ नका. चाचांच्या हाताखाली कुणी शिकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला घड्याळापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. घ्यायचंच असेल तर बंद घड्याळ घ्या, पण मशीन मूळचं आणि पूर्ण असलेलं. बंद घड्याळाला भावही कमी पडतो. चालू करून दाखवलेलं घड्याळ रॉकेलमध्ये बुचकळून आठवडाभरापुरतं चालवलेलं असू शकतं.

घोडा सध्या उतरवून शोकेसमध्ये ठेवलाय, पुतण्या आला की त्याच्याशी खेळतो. मूळ मुकुटाची ती फिकट छाया मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आहे. घडी करून पाकिटात असते, जुन्या सामानाचं दुकान दिसलं की काढून लावून बघतो. पुण्याच्या जुन्या बाजारात दोनदा जाऊन आलो, एकही जुळला नाही. मागच्या आठवड्यात त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. "मालक, तुमच्याच घड्याळाचा गरुड सापडलाय. ओरिजिनल. अक्कलकोटचा." प्लस स्क्रूनेच बसवायचा असणार, मला माहीत आहे. तरी रविवारी चावी देऊन झाली की ट्रेसिंग घेऊन जाऊन येतो.