जास्वंद, बोगनवेल, कण्हेर की टिकोमा?

माझ्या मावसबहिणीने सोलापुरात घर बांधलंय. पश्चिमेचं कंपाउंड उघडंबोडकं, दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन. "ताई, लवकर वाढेल आणि भरपूर फुलेल असं एकच झाड सांग," म्हणून तिचा फोन आला. मी विचारलं, "मे महिन्यात तुम्ही गावाला गेलात की पाणी कोण घालणार?" ती गप्प. निम्मा निकाल तिथेच लागला.

नर्सरीत अशा जागेसाठी चार नावं हमखास पुढे येतात: जास्वंद, बोगनवेल, कण्हेर, टिकोमा. चौघांनाही कडक ऊन मानवतं. जूनमध्ये दीड फुटाचा खड्डा घेऊन, शेणखत घालून लावलं तर दुसरा पावसाळा सरेपर्यंत ती कंबरेच्या वर जातात. शर्यतच लावायची तर टिकोमा पहिला येईल. पिवळ्या घंटांचे घोस दिसतात छान, पण शेंगा वाळल्या की पातळ पंखांच्या बिया वाऱ्यावर उडतात आणि पुढच्या पावसात शेजाऱ्याच्या गटाराकाठीही रोपं उगवतात. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियात ते उपद्रवी ठरलंय. लावायचंच तर शेंगा हिरव्या असतानाच खुडा. मला टिकोमाचं यापलीकडे कौतुक नाही.

खरी निवड उरलेल्या तिघींत आहे, आणि ती पाण्यावर ठरते. जास्वंद उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी मागते. एक दिवस चुकला की दुपारी पानं माना टाकतात, सलग चुकले की पानं पिवळी पडून कळ्या गळतात. बोगनवेलीचं तंत्र उलटं. एकदा मुळं धरली की तिला पाण्याचा थोडा ताण हवाच. लाडाने रोज पाणी घातलं तर नुसता पाला माजतो, रंग दिसत नाही. कण्हेरीचं तर विचारूच नका. हायवेच्या दुभाजकावर, धुरात आणि धुळीत ती फुललेली आपण बघतोच.

फुलांचा हिशोबही वेगळा आहे. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि बहुधा संध्याकाळी मिटतं, पण झाड खुशीत असेल तर दुसऱ्या दिवशी नवीन तयार. घरात गणपतीची रोजची पूजा असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो. त्यासाठी साधी पाच पाकळ्यांची देशी लाल जास्वंद घ्या. ताटलीएवढ्या फुलांची हायब्रिड नर्सरीत मोहात पाडते, पण ती सावकाश वाढते आणि फार नाजूक असते. बोगनवेलीचं ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानंच असतात. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढुरकी नळी. ती कागदी पानं लवकर झडत नाहीत, म्हणून बहर आठवडेच्या आठवडे टिकतो. देवाला मात्र त्याचा उपयोग नाही, आणि अंगणात रोज कचरा.

आता ज्या गोष्टी नर्सरीवाला सांगत नाही त्या. जास्वंद म्हटली की पिठ्या ढेकूण आलाच. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, पानं आक्रसून गोळा होतात, आणि खोडावरून मुंग्यांची रांग लागलेली असते. ती रांग दिसली की समजायचं, वर पिठ्या आहे. मी आधी वेडावाकडा झालेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकते, मग पाण्याचा जोरदार फवारा आणि संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून. दर आठवड्याला, कंटाळा न करता. छाटणीचं वाईट वाटून घेऊ नका. फूल नवीन फुटीवरच येतं.

बोगनवेलीला कीड फारशी लागत नाही, पण काटे! छाटलेली फांदी वाळली की काटा आणखी कडक होतो. माझ्या स्लिपरचा तळ भेदून तो टाचेत गेला होता. फाटकाजवळ, मुलं सायकली लावतात तिथे ती नकोच.

कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळं विषारी आहे आणि ते विष थेट हृदयावर काम करतं. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या बांधावर ती उत्तम. घरात रांगतं मूल असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, धूरसुद्धा बाधतो. एवढं असूनही एक गोष्ट सांगते: कण्हेरीच्या पानाखाली कधी कधी रुपेरी, आरशासारखा चकचकीत कोष लटकलेला दिसतो. तो हबशी फुलपाखराचा.

मावसबहिणीला मी कंपाउंडला बोगनवेल सांगितली, फाटकापासून लांब, आणि मागच्या नळाजवळ हाताशी एक लाल जास्वंद. "एकच झाड सांग म्हटलं होतं," ती म्हणाली. मग एकच तर बोगनवेल. फक्त रोप फुललेलं असतानाच घे, चिठ्ठीवर विसंबू नकोस. माझ्याकडची 'पांढरी' गेली सहा वर्षं राणी रंगाची फुलतेय.