आयोडीन की तरंगत्या चकत्या? प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग निवडताना

प्रकाशसंश्लेषणाला काय काय लागतं हे वर्गात प्रयोग करून दाखवायचं ठरवलं, की माझ्या मते खरी निवड दोन पद्धतींतच असते. पहिली जुनी: रोप दोन दिवस अंधारात ठेवून पानांतला स्टार्च (पानात साठलेलं पिष्टमय अन्न) संपवायचा, पानाचा काही भाग झाकून रोप उन्हात ठेवायचं आणि शेवटी गरम स्पिरिटने पानाचा हिरवा रंग काढून आयोडीन टाकायचं; स्टार्च असेल तिथे ते निळं-काळं होतं. दुसरी चकत्यांची: कोवळ्या पानाच्या गोल चकत्या सिरिंजमध्ये घेऊन त्यांतली हवा काढायची, त्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या आणि उजेडात त्या वर येताना पाहायच्या. हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजण्याचा प्रयोग मी इथे धरलेला नाही. तो दिसतो सुरेख, पण बुडबुडे लहानमोठे असतात आणि पाणी नुसतं तापलं तरी त्यात विरघळलेली हवा बाहेर पडू लागते.

जुन्या प्रयोगाबद्दल मला मनापासून आदर आहे. १८६० च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियस सॅक्स यांनी पानातल्या स्टार्चचा उजेडाशी असलेला संबंध दाखवून दिला, त्याच विचाराची ही शाळेतली आवृत्ती. पुरावा थेट पानावर उमटतो, हे तिचं बळ. हरितद्रव्याची गरज दाखवायची असेल तर याला तोड नाही. पांढरे-हिरवे पट्टे असलेलं पान घ्या आणि रंग काढण्याआधी त्याची आकृती पारदर्शक कागदावर उतरवून ठेवा. आयोडीननंतर तो कागद पानाशेजारी ठेवला, की जिथे हिरवं होतं नेमकं तिथेच निळं-काळं दिसतं. मुलं हे विसरत नाहीत.

स्पिरिटचं काम मात्र शिक्षकाने स्वतःच करावं असं मला वाटतं. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून बर्नर विझवून आधीच तापवलेल्या पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी ठेवायची. म्हणजे प्रयोगाचा सगळ्यात रंजक भाग मुलं लांबूनच बघतात. पण माझी निवड यामुळे ठरली नाही.

निवड ठरली ती एका प्रश्नामुळे, आणि तो जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. काळ्या कागदाची पट्टी लावलेला भाग आयोडीनने काळा झाला नाही, की कुणीतरी विचारतं, ‘सर, कागदाने उजेड अडवला की हवा?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पट्टी पानाच्या दोन्ही बाजूंनी घट्ट बसवलेली असते आणि पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, बहुतेक पानांत खालच्या बाजूला जास्त असतात. तेव्हा कार्बन डायऑक्साइडही अडला असेल ही शंका खोटी म्हणता येत नाही. उपाय सोपा आहे: दुसऱ्या पानावर तेवढीच पारदर्शक पट्टी लावायची. पण ते पाहायचं म्हणजे पुन्हा रोप अंधारात, पुन्हा ऊन, पुन्हा स्पिरिट. उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याला आपण हे का विचारलं होतं तेही आठवत नाही. पारदर्शक पट्टी पहिल्यापासूनच लावता येते, हे मान्य. तरी मग पुढचा प्रश्न वेगळाच निघतो आणि वाट पाहणं काही टळत नाही. आयोडीनच्या प्रयोगाला ‘असं केलं तर?’ विचारायची सोय नाही, ही माझी खरी अडचण.

चकत्यांच्या प्रयोगात तो प्रश्न त्याच तासात सुटतो. पानाच्या आतल्या पोकळ्यांत हवा असते, म्हणून पान तरंगतं. सिरिंजचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढला की ती हवा निघते, सोडल्यावर तिची जागा पाणी घेतं आणि चकती बुडते. उजेड मिळाला की आत ऑक्सिजन साठतो आणि ती वर येते. आता एक पेला दिव्याखाली ठेवा आणि दुसरा कागदात गुंडाळा. कागद पेल्याभोवती आहे, पानाला चिकटलेला नाही. सोड्याचं पाणी दोन्हीकडे तेच, त्यामुळे हवा अडल्याची शंका उरतच नाही. तिसऱ्या पेल्यात कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सोडा न घातलेलं पाणी घ्या. उजेड असूनही तिथल्या चकत्या तळाशीच राहतात किंवा फार रेंगाळतात. वर आलेल्या चकत्यांचा पेला नंतर अंधारात ठेवला तर श्वसनात ऑक्सिजन खर्च होऊन त्या हळूहळू पुन्हा बुडतात. माझ्या अनुभवात वर्ग सगळ्यात शांत होतो तो इथे.

प्रमाण १०० मिलिलिटर पाण्याला ०.२ ग्रॅम सोडा, म्हणजे छोटी चिमूट, आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादाच थेंब. साबण जास्त झाला तर फेसाचे बुडबुडे चकत्यांना चिकटून त्यांना उगाच वर आणतात. पालकासारखं मऊ पान चांगलं, लव असलेलं टाळावं, जाड शिरा वगळाव्यात. दिवा तापत असेल तर मध्ये पाण्याचं पारदर्शक भांडं ठेवा, नाहीतर परिणाम उजेडाचा की उष्णतेचा हे सांगता येणार नाही.

ही पद्धतही निर्दोष नाही. सोडा कार्बन डायऑक्साइडचा स्रोत होतो, पण पाण्याची आम्लताही बदलतो, आणि चौकस मूल तेही विचारेल. शिवाय इथे अन्न तयार झालेलं दिसत नाही, फक्त ऑक्सिजनचा परिणाम दिसतो, तोही आडवळणाने. अर्थात स्टार्चचा पुरावाही वाटतो तेवढा सरळ नाही: साखरेच्या द्रावणावर ठेवलेल्या पानांत अंधारातही स्टार्च तयार होऊ शकतो. कांद्यासारख्या काही वनस्पतींच्या पानांत उजेड भरपूर असूनही तो जवळपास साठत नाही. त्यामुळे या बाबतीत मी दोघांना सारखंच मापतो.

कार्बन डायऑक्साइडसाठीचा अर्ध्या पानाचा प्रयोग, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या कॉस्टिक पोटॅशच्या बाटलीत अर्धं पान अडकवण्याचा, मी आता वर्गात करत नाही. बुचाच्या फटीत पान चेमटतं आणि ते द्रावण त्वचेला भाजतं. पाण्याची गरज तर यांपैकी कोणताच प्रयोग दाखवत नाही, कारण पाणी तोडलं की आधी पर्णरंध्रं मिटतात आणि नेमकं काय थांबलं ते कळत नाही. ऑक्सिजन पाण्यातून येतो हे दाखवायला रूबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांना १९४१ मध्ये ऑक्सिजनचं जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा प्रकार), ऑक्सिजन-१८, वापरावं लागलं. हा भाग मी सांगूनच शिकवतो.

तुमच्याकडे सलग काही दिवस आणि कुंडीतलं निरोगी रोप असेल, आणि परीक्षेत आयोडीनची कृतीच विचारली जाणार असेल, तर जुना प्रयोग करा. निदान पांढऱ्या-हिरव्या पानाचा तरी कराच. एकच तास हातात असेल, किंवा मुलांनी स्वतः पेले मांडून एकेक गोष्ट बदलून पाहावी असं वाटत असेल, तर मी चकत्याच घेईन. आदल्या दिवशी एकदा स्वतः करून बघा. सगळ्या चकत्या बुडायला सिरिंजचा दट्ट्या बहुधा दोन-तीनदा ओढावा लागतो.